विषाणूच्या अंगावरील माणसाचे ठसे

एचआयव्हीची लागण झालेल्या आणि कोणतेही औषध न मिळालेल्या व्यक्तीला एड्सच्या अवस्थेपर्यंत पोहोचायला सरासरी दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो, हे १९९० च्या दशकापर्यंत वैद्यकाला ठाऊक झाले होते. मात्र या सरासरीच्या दोन्ही बाजूंना इतकी तफावत होती की तिच्यावर विसंबून एखाद्या रुग्णाला त्याचे भवितव्य सांगणे कोणत्याही डॉक्टरला शक्य नव्हते. काहींची प्रतिकारशक्ती दोन-तीन वर्षांतच ढासळत असे, काही जण वीस वर्षे नेमाने कामावर जात राहत, आणि शंभरात एकाहूनही कमी अशा मोजक्या व्यक्तींच्या रक्तात औषधाविनाही विषाणू मोजण्याइतका सापडत नसे. एकाच विषाणूने माणसामाणसांत एवढा भेद का करावा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधकांना माणसाच्या जनुकांकडे वळावे लागले, आणि तेथून ते पुन्हा विषाणूकडे आले तेव्हा त्यांना असे दिसले की ज्या शरीरांतून हा विषाणू वाट काढत आला, त्यांचे ठसे त्याच्या अंगावर उमटलेले आहेत. या शोधाचा इतिहास पॅरिस, ऑक्सफर्ड, पर्थ आणि डर्बन येथे घडला. त्याचा भारतीय भाग मद्रास, पुणे आणि विशेषतः बंगळूर या शहरांतील प्रयोगशाळांत लिहिला गेला, आणि तो आजही अपुरा आहे.

या इतिहासाची मुळे एचआयव्हीच्या कितीतरी आधीची आहेत. १९५८ साली पॅरिसमध्ये झां दोसे यांनी पांढऱ्या रक्तपेशींवरील एक असे लक्षण ओळखले, जे काही माणसांत असते आणि काहींत नसते. पुढे अशा लक्षणांची संख्या वाढत गेली आणि त्यांच्या समूहाला एचएलए हे नाव मिळाले. त्याच सुमारास अमेरिकेत रोझ पेन आणि नेदरलँड्समध्ये यॉन फान रूड यांच्या ध्यानात आले की अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांच्या रक्तद्रवात परक्या पांढऱ्या पेशींना ओळखणारी प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने तयार केलेली ओळखक्षम प्रथिने, आढळतात. गर्भातील मुलाच्या पेशींवर पित्याकडून आलेली लक्षणे असतात आणि आईचे शरीर ती परकी म्हणून नोंदवून ठेवते, हे त्याचे कारण होते. त्यानंतर कित्येक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत एचएलए तपासणी याच मातांच्या रक्तद्रवावर चालली. प्लास्टिकच्या छोट्या तबकडीतील खाचांमध्ये वेगवेगळ्या स्त्रियांचा रक्तद्रव अगदी थेंबाहूनही कमी घालायचा, त्यावर तपासायच्या व्यक्तीच्या पांढऱ्या पेशी सोडायच्या, प्रतिपिंड चिकटलेल्या पेशींना मारणारे पूरक द्रव्य मिसळायचे आणि मग रंग टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे: मेलेली पेशी रंग शोषून घेते, जिवंत पेशी चमकत राहते. कोणत्या खाचेत पेशी मेल्या, यावरून त्या व्यक्तीचा प्रकार ठरे. मूत्रपिंडाच्या रोपणासाठी दाता आणि रुग्ण जुळतात का, एवढ्यापुरताच या तपासणीचा उपयोग तेव्हा मानला जात होता. १९८० साली दोसे, बारूह बेनासेराफ आणि जॉर्ज स्नेल यांना या क्षेत्रातील कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढच्याच वर्षी, ५ जून १९८१ रोजी, लॉस एंजलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची, म्हणजे पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराची, पहिली नोंद अमेरिकेच्या साथरोग खात्याच्या साप्ताहिकात छापली गेली.

शरीर ही लक्षणे बाळगते ती शल्यचिकित्सकांची परीक्षा पाहण्यासाठी खचितच नाही, मग त्यांचे खरे काम काय, याचा उलगडा ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पीटर डोहर्टी आणि रोल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांतून केला. पेशीच्या आत तयार होणाऱ्या प्रत्येक प्रथिनाचे बारीक तुकडे होत असतात, साधारणपणे नऊ घटकांचे, म्हणजे नऊ अमिनो आम्लांचे. एचएलए रेणू असा एकेक तुकडा आपल्या खोबणीत धरून पेशीच्या पृष्ठभागावर मांडतो आणि गस्त घालणाऱ्या टी-पेशी तो तपासतात. तुकडा घरचा असेल तर टी-पेशी पुढे निघून जाते, विषाणूचा असेल तर ती त्या पेशीला ठार करते. येथे कळीचा मुद्दा असा की खोबणीचा आकार ज्याचा त्याचा वेगळा असतो. सहाव्या गुणसूत्रावरील ए, बी आणि सी या तीन जनुकांची एकेक प्रत आईकडून आणि एकेक वडिलांकडून येत असल्याने एका माणसाकडे जास्तीत जास्त सहा प्रकारच्या खोबण्या असतात, तर साऱ्या मानवजातीत मिळून त्यांचे हजारो प्रकार आहेत. त्यामुळे एकाच विषाणूचे कोणते तुकडे पहाऱ्यासमोर येतील हे माणसागणिक बदलते. डोहर्टी आणि झिंकरनागेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९६ मध्ये, आणि तोवर त्यांच्या उंदरांनी दाखवलेली गोष्ट एचआयव्हीच्या रुग्णांत प्रत्यक्ष दिसू लागली होती.

भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्ये. मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासण्याचा विषय सुचवला, नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेऊन तपासण्यात आले आणि सहा स्त्रियांमध्ये लागण आढळली. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या. १९९३ मध्ये त्यांनी तेथेच उभारलेल्या एड्स संशोधन केंद्राला आपले वडील वाय. आर. गायतोंडे यांचे नाव दिले, आणि दक्षिण भारतातील हजारो रुग्णांची दीर्घकाळची नोंद त्या केंद्रात जमत गेली. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेली ‘नारी’, सुरू केली. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू या चार सलग राज्यांत आणि ईशान्येकडे मणिपूर व नागालँडमध्ये लागणीचे प्रमाण बराच काळ देशात सर्वाधिक राहिले. सांगली, निपाणी, बेळगाव या पट्ट्याला राज्याची सीमा असली तरी मजुरीसाठी आणि व्यापारासाठी ये-जा करणाऱ्यांना ती कधी जाणवली नाही, आणि साथीलाही जाणवली नाही.

बंगळूरचा या कथेतील प्रवेश होसूर रस्त्यावरील निम्हान्सच्या, म्हणजे राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जासंस्था विज्ञान संस्थेच्या वॉर्डांतून झाला. मेंदूच्या विकारांसाठी दक्षिण भारतभरातून येणाऱ्या रुग्णांत १९८९ पासून एचआयव्हीबाधित दिसू लागले, आणि पी. सतीशचंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ ते १९९६ या काळातील अशा रुग्णांचा आढावा २००० साली प्रसिद्ध केला. त्यात क्षयाचा आणि क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर पुढे होता. पाश्चात्त्य देशांत त्या काळी उपचार न मिळालेल्या रुग्णांत वारंवार दिसणारा एचआयव्हीजन्य स्मृतिभ्रंश येथे मात्र क्वचितच आढळत होता. याची एक सरळ शक्यता अशी होती की भारतीय रुग्ण क्षयाने आधीच दगावत असल्याने मेंदू झिजण्याइतके जगतच नसत. दुसरी शक्यता विषाणूतच काही फरक असण्याची होती, आणि तिसरी माणसांत. हे तीन धागे एकमेकांपासून सोडवणे हेच पुढच्या वीस वर्षांचे काम ठरले.

दरम्यान पाश्चात्त्य देशांत माणसाच्या जनुकाचा पहिला ठळक पुरावा १९९६ मध्ये हाती आला. पेशीत शिरण्यासाठी एचआयव्हीला सीडी-४ या रेणूखेरीज दुसऱ्या एका दाराची गरज लागते आणि बहुतेक वेळा ते दार सीसीआर-५ नावाचे प्रथिन असते, हे त्या वर्षी सिद्ध झाले. पाठोपाठ असेही दिसले की या प्रथिनाच्या जनुकातून ३२ अक्षरे गळालेली असली आणि अशा दोन्ही प्रती एखाद्याला मिळाल्या असल्या, तर वारंवार संपर्क येऊनही त्याला सहसा लागण होत नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण शंभरात एकाकडे अशा दोन प्रती असतात. २००७ मध्ये बर्लिन येथे टिमोथी रे ब्राउन यांना रक्तकर्करोगासाठी अशाच दात्याच्या मूळपेशी देण्यात आल्या आणि त्यांच्या शरीरातून विषाणू नाहीसा झाला, तेव्हा या जनुकाची कीर्ती प्रयोगशाळेबाहेरही पसरली. भारतीयांना मात्र या शोधातून फारसा दिलासा नव्हता, कारण येथे हा बदल अत्यंत विरळ आहे. जगातल्या एका कोपऱ्यात सापडलेली किल्ली दुसरीकडचे कुलूप उघडत नाही, हे या प्रकरणातून लवकर कळायला हवे होते. प्रत्यक्षात ते कळून तसे काम उभे राहायला बराच काळ गेला.

एचएलएची गोष्ट अशी एका बदलापुरती मर्यादित नव्हती. १९९९ मध्ये मेरी कॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्यांच्या आई आणि वडिलांकडून आलेल्या प्रती भिन्न असतात, म्हणजे ज्यांच्याकडे खोबण्यांचे प्रकार अधिक असतात, ते अधिक काळ निरोगी राहतात, आणि बी जनुकाच्या बी-३५ गटातील काही प्रकार असलेल्यांचा आजार वेगाने वाढतो. पुढच्या वर्षी दीर्घकाळ निरोगी राहिलेल्या रुग्णांच्या एका छोट्या गटात बी-५७ हा प्रकार जवळपास सर्वांकडे आढळला. बी-२७ चा गुण त्याआधीच ध्यानात आला होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ९७४ नियंत्रक, म्हणजे औषधाविना विषाणू दाबून धरणारे, आणि २,६४८ आजार वाढलेले रुग्ण यांचा संपूर्ण जनुकसंच चाळण्यात आला, तेव्हा ठळक फरक दाखवणारे सगळे बिंदू सहाव्या गुणसूत्रावरील एकाच प्रदेशात सापडले आणि त्यांतील महत्त्वाचे बिंदू एचएलए-बी रेणूच्या खोबणीला अस्तर असणाऱ्या अमिनो आम्लांचे निघाले. पेशीच्या पृष्ठभागावरील काही अणूंच्या मांडणीवर माणसाच्या आयुष्याची वर्षे अवलंबून असावीत, ही बाब कितीही वेळा वाचली तरी मनाला थांबवते. या अभ्यासातील गट युरोपीय, आफ्रिकन-अमेरिकन आणि हिस्पॅनिक वंशाचे होते, भारतीय नव्हते, हेही येथेच नोंदवायला हवे.

पहारा जेवढा कडक, तेवढी विषाणूला तो चुकवण्याची निकड अधिक. एचआयव्हीचा जनुकसंच सुमारे ९,७०० अक्षरांचा आहे, त्याची नक्कल करणारे विकर चुका करते आणि त्या दुरुस्त करत नाही, आणि उपचार न घेतलेल्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होत असल्याने जवळपास प्रत्येक शक्य चूक कोठे ना कोठे घडतच असते. त्यांपैकी जी चूक विषाणूचा तुकडा खोबणीत बसू देत नाही ती टिकते आणि पसरते. १९९१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये रॉडनी फिलिप्स, अँड्र्यू मॅकमायकेल आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांत हे घडताना पाहिले आणि ‘निसटणे’ हा शब्द या क्षेत्रात रुळला.

बी-२७ असलेल्या रुग्णांतील निसटण्याचे उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. विषाणूच्या गॅग नावाच्या प्रथिनातून त्याचे आतले कवच घडते. त्यातील २६३ ते २७२ या क्रमांकांचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा बी-२७ च्या खोबणीत नेमका बसतो, कारण त्या खोबणीच्या एका खळग्याला दुसऱ्या जागी आर्जिनीन हवे असते आणि येथे, २६४ व्या जागी, ते असते. तेथे आर्जिनीनऐवजी लायसीन आले की तुकडा खोबणीतून सुटतो आणि टी-पेशीला काही दिसत नाही; परंतु तो बदल कवचालाच दुबळे करतो, आणि विषाणूची वाढ मंदावते. म्हणून विषाणूला आधी २६८ व्या जागी आणि मग कवचाच्या दुसऱ्या भागात, १७३ व्या जागी, तोल सावरणारे बदल जमवावे लागतात. एवढा सारा योग जुळून यायला वर्षे लागतात, आणि बी-२७ च्या रुग्णांना मिळणारी जास्तीची वर्षे बऱ्याच अंशी तीच असतात. १९९७ मध्ये फिलिप गोल्डर आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण दाखवले की ज्यांच्यात नऊ ते बारा वर्षांनंतर हा बदल घडला आणि पाठोपाठ एड्स आला. पुढे त्यांनीच आणखी एक कष्टदायक गोष्ट नोंदवली: आईच्या शरीरात निसटलेला विषाणू बाळाला गेला आणि बाळाने आईकडूनच बी-२७ चा वारसाही घेतला असेल, तर आईचे संरक्षण बाळाच्या वाट्याला येत नाही, कारण विषाणू तो पहारा ओळखूनच आलेला असतो.

याउलट बी-५७ च्या दबावाखाली गॅगच्या २४२ व्या जागी होणारा बदल विषाणूला इतका महाग पडतो की तो बी-५७ नसलेल्या दुसऱ्या व्यक्तीत गेला की तेथे हळूहळू मूळ पदावर येतो; हे २००४ मध्ये दिसून आले. काही ठसे पुसले जातात आणि काही राहतात. जे राहतात ते साठत जातात, आणि येथून कथा एकेका रुग्णाकडून समाजाकडे वळते. २००२ मध्ये पर्थ येथील सायमन मल्लाल यांच्या गटाने ४७३ रुग्णांचे विषाणू आणि त्यांचे एचएलए प्रकार शेजारी शेजारी ठेवून दाखवले की विषाणूतील कित्येक बदलांचा संबंध थेट रुग्णाच्या एचएलएशी लागतो. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे २००४ मध्ये असे आढळले की या झुंजीत ए आणि सी यांच्यापेक्षा बी जनुकाचा वाटा कितीतरी मोठा आहे. २००९ मध्ये अनेक देशांच्या तुलनेतून कळले की ज्या समाजात एखादा एचएलए प्रकार जास्त आढळतो, त्या समाजात त्याला चुकवणारा विषाणूही जास्त आढळतो. जपानमध्ये बी-५१ हा प्रकार विपुल असल्याने त्याचा पूर्वीचा संरक्षक गुण तेथे उतरणीला लागला होता.

या उत्साहाला लगाम घालणारा एक महत्त्वाचा लेख २००७ मध्ये तन्मय भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे असे की एखाद्या भागातील साथ मूळ मोजक्या विषाणूंपासून सुरू झाली असेल, तर त्या पूर्वजांत योगायोगाने असलेली वैशिष्ट्ये सगळ्या वंशजांत दिसतात. त्या भागातील लोकांचे एचएलए प्रकारही एकसारखे असतील तर दोन्हींचा संबंध असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात तो केवळ वंशावळीचा वारसा असतो. भारतासाठी हा इशारा विशेष लागू होता. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत नव्याने लागण झालेल्या व्यक्तींच्या विषाणूंचे संपूर्ण जनुकसंच कविता लोळे, रमेश परांजपे आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ते जवळपास सर्व एचआयव्हीच्या सी उपप्रकाराचे (विषाणूच्या उपप्रकारांची ही अक्षरे एचएलएच्या जनुकांहून वेगळी) निघाले आणि वंशवृक्षावर त्यांची एक वेगळी भारतीय फांदी दिसली. देशभरातील नव्वद टक्क्यांहून अधिक लागण याच उपप्रकाराची आहे, आणि जगातील सुमारे निम्मी लागणही; पण पाश्चात्त्य देशांतील बहुतेक जुने संशोधन मात्र बी उपप्रकारावरचे.

भारतीयांच्या टी-पेशी भारतीय विषाणूचे कोणते तुकडे ओळखतात, हे शोधण्याचे काम पुण्याच्या ‘नारी’त माधुरी ठकार आणि सहकाऱ्यांनी हाती घेतले. त्यासाठी एलिस्पॉट ही पद्धत वापरली जाते: ९६ खाचांच्या तबकडीच्या तळाशी एक पापुद्रा असतो, प्रत्येक खाचेत रुग्णाच्या रक्तातील पेशी आणि विषाणूच्या प्रथिनाचा एकेक कृत्रिम तुकडा घालून तबकडी रात्रभर उबेत ठेवतात, आणि ज्या टी-पेशीला समोरचा तुकडा ओळखता येतो ती इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडते, जे तिच्या बुडाशीच अडकून राहते. सकाळी रंग चढवला की त्या त्या जागी एक गडद ठिपका उमटतो. ठिपका म्हणजे एक जागी झालेली पेशी. अशा ठिपक्यांच्या मोजणीतून २००५ मध्ये त्यांनी दाखवले की सी उपप्रकाराच्या भारतीय रुग्णांच्या मारक टी-पेशींचा रोख गॅग आणि नेफ या प्रथिनांतील फारसे न बदलणाऱ्या भागांवर असतो. त्याच वर्षी पुण्यात देशातील पहिली एचआयव्ही लसचाचणी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी चेन्नईत दुसरी, जिच्या लसीत भारतीय सी उपप्रकाराचीच जनुके होती. दोन्ही प्राथमिक टप्प्यापलीकडे उपयोगी ठरल्या नाहीत.

बंगळूरच्या उत्तरेकडील जक्कूर येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात उदयकुमार रंगा यांच्या प्रयोगशाळेने या प्रश्नाला विषाणूच्या बाजूने हात घातला. निम्हान्समधील सहकाऱ्यांबरोबर २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्यांनी टॅट या छोट्या विषाणू-प्रथिनाकडे लक्ष वेधले. इतर उपप्रकारांच्या टॅटमध्ये ३० आणि ३१ व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाची जोडी असते. या जोडीमुळे टॅट माणसाच्याच एका संदेशवाहक प्रथिनाची नक्कल करते आणि मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना स्वतःकडे ओढते, ज्या मेंदूत विषाणू वाहून नेतात. भारतीय सी उपप्रकाराच्या बहुसंख्य विषाणूंत ३१ व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन असते, त्यामुळे हे खेचण्याचे काम अधू होते. होसूर रस्त्यावरील वॉर्डांत क्वचितच आढळणाऱ्या स्मृतिभ्रंशाचे एक संभाव्य कारण जक्कूरच्या प्रयोगशाळेत एका अमिनो आम्लाच्या रूपाने हाती आले होते. तरीही या शोधाला त्याच्या मापातच ठेवणे योग्य. निम्हान्समध्येच पुढे झालेल्या बारकाईच्या मानसशास्त्रीय चाचण्यांत सी उपप्रकाराच्या बऱ्याच रुग्णांत स्मृती आणि एकाग्रतेच्या सौम्य ते मध्यम अडचणी आढळल्या. म्हणजे मेंदू पूर्ण सुटला नव्हता. शिवाय दक्षिण आफ्रिकेतील सी उपप्रकारांत सिस्टीनची जोडी भारतापेक्षा अधिक वेळा दिसते, असे २०१३ मध्ये नोंदले गेले. भारतीय फांदीतील सेरीन हा येथील माणसांच्या प्रतिकारशक्तीने घडवलेला ठसा की भारतात प्रथम आलेल्या पूर्वज-विषाणूचा वारसा, हा भट्टाचार्यांचा प्रश्न येथे जसाच्या तसा उभा राहतो, आणि वंशावळीचे पारडे जड वाटते.

रंगांच्या गटाचे दुसरे महत्त्वाचे काम २०१२ चे. विषाणूचा जनुकसंच माणसाच्या डीएनएत शिरून बसला की तो केव्हा जागा व्हायचा हे त्याच्या सुरुवातीच्या नियंत्रक पट्ट्यावर ठरते. त्या पट्ट्यावर एनएफ-कॅप्पा-बी या मानवी प्रथिनासाठी बैठका असतात. पेशी एखाद्या संसर्गाशी लढायला सज्ज होते तेव्हा हे प्रथिन केंद्रकात येते, शरीराची स्वतःची शेकडो जनुके चालू करते आणि विषाणूलाही चालू करते. बी उपप्रकारात अशा दोन बैठका, सी उपप्रकारात तीन. बंगळूरच्या गटाला आढळले की भारतात चौथी बैठक असलेले नवे प्रकार त्याआधीच्या दशकात हळूहळू पसरत होते आणि जुन्यांची जागा घेत होते, आणि अशी जास्तीची बैठक मिळवण्याची क्षमता केवळ सी उपप्रकारातच दिसते. येथे विषाणू पहारा चुकवत नाही. पहारेकऱ्याला उठवणारा जो इशारा, त्याच्याशी स्वतःची घंटा जोडून घेतो. पहाऱ्याला चुकवणे आणि पहाऱ्यावरच जगणे या दोन्ही गोष्टी एकाच विषाणूत नांदतात, आणि दुसरीचा तपशील जगाला बंगळूरमधून मिळाला, ही या शहराची खरी कमाई आहे.

माणसाच्या बाजूचे भारतीय काम मात्र तुलनेने तोकडेच राहिले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नरिंदर मेहरा यांच्या गटाने भारतीयांच्या एचएलए वैविध्यावर दीर्घकाळ काम केले आणि मुंबईतही अशा तपासण्या झाल्या. त्यांतून ए*०२:११ किंवा बी*४०:०६ यांसारखे युरोपात विरळ असलेले प्रकार येथे ठळकपणे आढळतात हे स्पष्ट झाले. डेव्हिड राइश, के. थंगराज, लालजी सिंह आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की जातींतर्गत विवाहामुळे भारतातील कित्येक समूह जनुकीयदृष्ट्या हजारो वर्षे एकमेकांपासून बरेचसे वेगळे राहिले आहेत. म्हणजे एकाच शहरातील एकाच दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या दोन रुग्णांच्या खोबण्यांचे संच परस्परांपासून फार दूरचे असू शकतात, आणि विषाणू मात्र एकाच फांदीचा. एचएलएचा दबाव आणि विषाणूचा वारसा वेगळे काढण्यासाठी जगात यापेक्षा सोयीची परिस्थिती सापडणे कठीण होते. तरीही पर्थ किंवा डर्बनसारखा मोठा, माणूस आणि विषाणू दोन्ही शेजारी ठेवून वाचणारा अभ्यास येथे त्या प्रमाणावर उभा राहिला नाही, ही हानी भरून न येणारी आहे.

भरून न येणारी अशासाठी की ती संधी देणारा काळ संपला, आणि तो संपणे हे भल्याचेच झाले. १ एप्रिल २००४ रोजी सरकारने आठ केंद्रांतून मोफत औषधोपचार सुरू केले; प्रथम प्रतिकारशक्ती बरीच खालावलेल्यांना, मग पायरीपायरीने अधिकांना, आणि २०१७ पासून निदान होताच प्रत्येकाला. औषध चालू असलेल्या शरीरात विषाणूची वाढच थांबते, म्हणून निसटणेही थांबते. आणि औषध हाताशी असताना केवळ निरीक्षणासाठी कोणाला उपचाराविना ठेवणे हे पाप ठरेल. विषाणू माणसाचा ठसा घेत कसा बदलतो, हे येथून पुढे बहुतांशी जुन्या, गोठवून ठेवलेल्या नमुन्यांतूनच वाचावे लागणार आहे.

जनुकांचा प्रश्न औषधांनीही पुरता मिटवलेला नाही, आणि त्यात एक विलक्षण योग आहे. अबॅकॅव्हिर हे एचआयव्हीवरील औषध काही रुग्णांत ताप, पुरळ आणि कधी जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी निर्माण करते. २००२ मध्ये पर्थच्या त्याच मल्लाल यांनी दाखवले की हा धोका बी-५७ गटातील बी*५७:०१ असलेल्यांना असतो, आणि २००८ मध्ये मोठ्या चाचणीने सिद्ध केले की आधी तपासणी करून अशांना वगळले तर ही ॲलर्जी टळते. विषाणूला दाबून धरणारी खोबणीच या औषधाला आत घेते आणि शरीराला स्वतःचेच तुकडे परके वाटू लागतात. भारतीयांत हा प्रकार दुर्मिळ नाही, आणि अबॅकॅव्हिर येथे दीर्घकाळ मुलांच्या उपचारात वापरले गेले आहे.

माणसाच्या बाजूचे राहिलेले वाचन आता बंगळूरमधूनच वेगळ्या वाटेने सुरू झाले आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने समन्वय केलेल्या जीनोम इंडिया प्रकल्पात देशातील ८३ समूहांतील सुमारे १०,००० निरोगी व्यक्तींचे संपूर्ण जनुकसंच वाचले गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांसाठी खुले झाले. सहाव्या गुणसूत्रावरील तो प्रदेश, त्यातील ए, बी आणि सी या जनुकांसह, त्यात आहे. त्या केंद्रापासून जक्कूर काही किलोमीटरवर आहे, आणि तेथे विषाणूच्या नियंत्रक पट्ट्याचे वाचन चालू आहे.